न चालणारी लाट
तंबोरा, तबला आणि बासरी यांच्या नादामागचे विज्ञान

मैफलीची वेळ झालेली असते. श्रोते स्थानापन्न झालेले असतात, पानसुपारी फिरून झालेली असते, आणि तरीही गाणे सुरू होत नाही. गायक तंबोरा जुळवीत बसलेला असतो. खुंटी किंचित पिळायची, तार छेडायची, कान लावायचा, तारेत ओवलेला मणी केसभर पुढे सरकवायचा, पुन्हा तार छेडायची. आईवडिलांबरोबर आलेली मुले चुळबुळू लागतात. जुने श्रोते मात्र निवांत असतात. आपण कशाची वाट पाहत आहोत हे त्यांना ठाऊक असते.

मग एक क्षण असा येतो की चारही तारांचा नाद एकमेकांत मिसळतो आणि सभागृहाची हवाच बदलते. या क्षणी लक्ष देऊन ऐकणाऱ्याला एक नवल जाणवते. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाला, मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची खर्जातल्या षड्जाला लावलेली असते. म्हणजे सगळ्या वाद्यावर सा आणि प हे दोनच स्वर. तरीही त्या नादात गांधार स्पष्ट ऐकू येतो. गांधाराची तार तंबोऱ्याला नसते. कोणी तो छेडलेला नसतो. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

हा गांधार येतो कोठून, हा प्रश्न वाटतो तितका केवळ गवयांचा नाही. त्याचे उत्तर शोधताना तारेवरच्या लाटांचे विज्ञान उलगडते, कलकत्त्यातल्या एका हिशेब अधिकाऱ्याच्या फावल्या वेळाची कहाणी समोर येते, आणि मिरजेच्या एका गल्लीत कानसेने पटाशी चालवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या किती सूक्ष्म आहे हे कळते.

दोरीवरची लाट

अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी घट्ट बांधलेली असते. तिच्या एका टोकाजवळ बोटाने टिचकी मारली की एक छोटीशी वळी दोरीवरून धावत जाते, दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर आदळते आणि परत येते. परतताना ती उलटी झालेली असते. वर उचललेली वळी खाली झुकलेली होऊन येते, कारण खुंटीपाशी दोरीला हलण्याची मुभा नसते.

आता टिचकी एकदाच न मारता दोरी सतत हलवत राहिले, तर जाणाऱ्या लाटा आणि परतणाऱ्या लाटा एकाच दोरीवर एकमेकींना भेटतात. कोठे त्या एकमेकींत मिळून दोरी जोराने वरखाली होते, तर कोठे एक लाट जितके वर उचलते तितकेच दुसरी खाली ओढते आणि दोरी जागची हलत नाही. हलवण्याची लय नेमकी साधली, तर या दोन्ही प्रकारच्या जागा ठाम होतात. दोरीवर काहीच पुढे सरकताना दिसत नाही. काही बिंदू निश्चल राहतात आणि त्यांच्या मधला भाग पाळण्यासारखा झुलतो. दोन धावत्या लाटांच्या मीलनातून जन्मलेल्या या न चालणाऱ्या लाटेला भौतिकशास्त्रात स्थिर तरंग म्हणतात. निश्चल बिंदूंना निस्पंद बिंदू आणि सर्वाधिक झुलणाऱ्या जागांना प्रस्पंद बिंदू अशी नावे आहेत.

तंबोऱ्याच्या तारेवर हेच घडते, फक्त फार वेगाने. पुरुषांच्या आवाजासाठी लावलेल्या तंबोऱ्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १४० कंपनांचा असतो. कंप पावणारी तार सुमारे एक मीटर लांबीची धरली, तर लाटेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यासाठी दोन मीटर धावावे लागते, आणि हा फेरा ती सेकंदात १४० वेळा पूर्ण करते. म्हणजे तारेवरची लाट सेकंदाला २८० मीटर वेगाने धावत असते. खुंटी पिळून ताण वाढवला की हा वेग वाढतो आणि स्वर चढतो. तार जाड, म्हणजे वजनदार असली की वेग कमी होतो आणि स्वर उतरतो. म्हणूनच खर्जाची तार पितळेची व जाड असते, तर जोडीच्या तारा बारीक पोलादी असतात. हे प्रमाण काटेकोर आहे. स्वर दुप्पट उंच करायचा तर लांबी निम्मी करावी लागते. लांबी तीच ठेवली तर ताण चौपट करावा लागतो.

एका तारेत अनेक स्वर

तारेची दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे तिच्यावर वाटेल ती लाट टिकू शकत नाही. ज्या लाटेचे अर्धे वेटोळे तारेच्या लांबीत पूर्ण संख्येने बसते, तीच टिकते. सबंध तार एकाच कमानीत झुलू शकते; मध्ये एक निस्पंद बिंदू ठेवून दोन कमानींत झुलू शकते; दोन निस्पंद बिंदू ठेवून तीन कमानींत, मग चार, पाच, सहा. आणि नवल असे की तार हे सगळे प्रकार एकाच वेळी करीत असते. कंपनसंख्या मात्र साध्या पाढ्याने वाढत जाते.

खर्जाच्या तारेचे कंपन सेकंदाला ७० धरले, तर पाढा असा होतो : ७०, १४०, २१०, २८०, ३५०, ४२०. पहिला खर्जाचा षड्ज. १४० म्हणजे मध्य सप्तकाचा षड्ज. २१० म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. २८० म्हणजे तार षड्ज. आणि ३५० म्हणजे तार षड्जाच्या सव्वापट. हाच तो तार सप्तकातला गांधार. तार पाच समान भागांत झुलते तेव्हा तो निर्माण होतो. कोणी न छेडलेल्या गांधाराचे कूळ हे असे खर्जाच्या तारेतच आहे. पंचमाच्या तारेचा हिशेबही असाच लागतो. तिचे मूळ कंपन १०५ असेल, तर तिसऱ्या पायरीवर ३१५, म्हणजे ऋषभ, आणि पाचव्या पायरीवर ५२५, म्हणजे शुद्ध निषाद मिळतो. दोन स्वरांना लावलेला तंबोरा अशा रीतीने गायकापुढे जवळजवळ सगळे सप्तक मांडून ठेवतो.

तारेवर निश्चल बिंदू खरोखर असतात, याचा पुरावा युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी दिला गेला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जोझेफ सोव्हर या गणितज्ञाने इसवी सन १७०१च्या सुमारास आपला नादविषयक अभ्यास मांडला. कानाने अधू असलेल्या या माणसाला स्वरांची पारख करण्यासाठी इतरांच्या कानांची मदत घ्यावी लागे. पण जे कानाला कळत नव्हते ते त्याने डोळ्यांना दाखवले. तारेवर घडी घातलेले कागदाचे कपटे ठेवून तार विशिष्ट बिंदूवर हलकेच स्पर्श करून छेडली, की प्रस्पंद बिंदूंवरचे कपटे उडून पडतात आणि निस्पंद बिंदूंवरचे जागच्या जागी बसून राहतात.

हा प्रयोग घरात तंबोरा, सतार किंवा गिटार असल्यास कोणालाही करता येतो. तारेच्या लांबीचा एक तृतीयांश मोजून तेथे बोट नुसते टेकवावे, दाबू नये. दोन तृतीयांशावर एक कपटा ठेवावा, दुसरा त्याच्या थोडा अलीकडे. टेकवलेल्या बोटाच्या पलीकडच्या छोट्या भागात तार छेडली की दुसरा कपटा उडतो आणि पहिला बसून राहतो. कानाला त्या क्षणी मूळ षड्जाऐवजी वरचा पंचम ऐकू येतो. नातवंडांना विज्ञान आणि संगीत एकाच बैठकीत समजावण्याची इतकी सोपी संधी दुसरी क्वचितच मिळेल.

हिशेब अधिकाऱ्याची संध्याकाळ

१९०७ साली अवघ्या अठरा वर्षांचा एक तरुण भारत सरकारच्या वित्त खात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून कलकत्त्यात रुजू झाला. दिवसभर सरकारी जमाखर्च, आणि सकाळ-संध्याकाळ बऊबाजार स्ट्रीटवरच्या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम, असा त्याचा दिनक्रम होता. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही ती संस्था, आणि चंद्रशेखर वेंकट रामन हा तो तरुण. १९१७ साली मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकाशावरच्या कार्याबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीची बरीच वर्षे त्यांनी भारतीय वाद्यांच्या अभ्यासात घालवली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

त्यांच्या वडिलांना व्हायोलिनची आवड होती, पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. रामन यांनी १९०९ साली एकतारीवर लेख लिहिला, पुढे व्हायोलिनचा सखोल अभ्यास केला, आणि १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय तंबोरा आणि वीणा हा होता.

त्या निबंधाचे महत्त्व कळण्यासाठी एक जुना नियम समजून घ्यावा लागतो. इंग्लंडमधले थॉमस यंग यांनी इसवी सन १८००च्या सुमारास दाखवले होते की तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या स्थिर तरंगांचा निस्पंद बिंदू असतो ते तरंग निर्माण होतच नाहीत. हे सहज पटण्यासारखे आहे. जो बिंदू निश्चल राहायला हवा, त्यालाच बोटाने ओढून सोडले, तर तो तरंग उठणार कसा? तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन, चार, सहा कमानींचे तरंग गैरहजर राहायला हवेत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीही हा नियम मान्य केला होता, आणि पाश्चात्त्य वाद्यांवर तो चांगला लागू पडत होता.

रामन यांनी तंबोऱ्याची तार नेमकी अशा निस्पंद बिंदूवर छेडून पाहिली. नियमानुसार जे स्वर मुके राहायला हवे होते, ते ठसठशीत ऐकू आले. नियम चुकीचा नव्हता. तो ज्या गृहीतावर उभा होता ते गृहीत तंबोऱ्याला लागू नव्हते. तारेचे टोक एका तीक्ष्ण कडेवर पक्के टेकलेले आहे, असे यंग यांचा नियम मानून चालतो. तंबोऱ्याच्या घोडीला मुळी तशी कडाच नसते.

घोडीचा उतार आणि सुताचा दोरा

व्हायोलिनची किंवा गिटारची तार अरुंद कडेवरून जाते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो, डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकाच. तार या उतारावर लोळत जाते. तार वर उचलली जाते तेव्हा ती घोडीचा थोडा भाग सोडते. खाली येते तेव्हा पुन्हा त्या उताराला बिलगते. प्रत्येक कंपनात तारेची खरी लांबी अशी सूक्ष्म प्रमाणात कमीजास्त होत राहते आणि तार घोडीला क्षणभर घासून जाते.

या घासण्याने एक महत्त्वाची गोष्ट साधते. तीक्ष्ण कडेवरच्या तारेत प्रत्येक स्थिर तरंग आपापला, स्वतंत्र असतो. जितकी शक्ती छेडताना मिळाली तितकीच वापरून तो विझत जातो. उताराच्या घोडीवर मात्र या तरंगांमध्ये देवघेव सुरू होते. खालच्या, जोरकस तरंगाची शक्ती वरच्या तरंगांना मिळत राहते. त्यामुळे छेडल्यानंतरही वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात आणि तार विझू लागली तरी तिचा झंकार रेंगाळतो. नव्या काळातल्या अतिवेगवान मोजमापांनी आणि संगणकी प्रतिकृतींनीही ही देवघेव पडताळून पाहिली आहे.

या झंकाराला जवारी म्हणतात. ती साधण्यासाठी तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. दोरा केसभर पुढेमागे केला की तार घोडीला नेमकी कोठे आणि किती स्पर्श करील हे ठरते. एका जागी तार मुकी वाटते, दुसऱ्या जागी नुसती खरखर करते, आणि मधल्या एका अतिशय अरुंद जागी ती बोलू लागते. मैफलीआधी गायक वाकून जे शोधत असतो, ती ही जागा.

पण दोरा कितीही सरकवला तरी घोडीचा उतारच बिघडला असेल तर उपयोग होत नाही. रोजच्या रियाजाने तार घोडीवर बारीक खाच पाडते, आणि मग जवारी नव्याने काढावी लागते. हे काम करणारे हात महाराष्ट्रात प्रामुख्याने मिरजेत आहेत. तेथल्या परंपरेप्रमाणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या कारागिरांनी वाद्यदुरुस्तीला हात घातला. फरीदसाहेब हे त्यांच्यातले अग्रणी मानले जातात. तलवारींची मागणी ओसरत चाललेल्या काळात या मंडळींनी आपल्या हातातले कसब नव्या धंद्याकडे वळवले, आणि त्यांचे आडनावच पुढे सतारमेकर असे रूढ झाले. काळ बदलला म्हणून कौशल्य टाकून न देता त्याला नवे गिऱ्हाईक शोधणे, ही गोष्ट व्यापारी घरांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो, आणि वेलीवर हवा तसा आकार यावा म्हणून शेतकरी त्याची निगा राखतो. वाळलेला भोपळा कापून त्यावर तून या झाडाच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवतात. स्थिर तरंग तारेवर उठत असले तरी बारीक तार एकटी फारशी हवा ढकलू शकत नाही. तिची कंपने घोडीमार्फत तबलीला मिळतात, तबली आणि भोपळ्यातली हवा ती मोठी करतात, आणि तेव्हा कोठे नाद सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

जवारी काढणारा कारागीर घोडी कानसेने हलकेच घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. त्याच्यापाशी मोजपट्टी नसते. एक घास जास्त झाला तर उतार बिघडतो आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. खुली जवारी हवी की बंद, गायकाचा आवाज पातळ आहे की भरदार, हे सगळे तो विचारून घेतो. रामन यांनी निबंधात जे मांडले ते या कारागिरांच्या बोटांना आधीपासून अवगत होते. पण ते का घडते हे सांगण्याची भाषा रामन यांनी दिली. दोन्ही ज्ञाने एकमेकांना पूरक आहेत.

मिरजेतच अखेरची वर्षे घालवलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तंबोऱ्याच्या सुरेलपणाबद्दल विशेष प्रसिद्ध होते, आणि जवारी स्वतः काढण्याची विद्याही त्यांना अवगत होती. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त अधिकाऱ्याने त्यांच्या गायनाच्या साहाय्याने श्रुतींची मोजमापे केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्यातल्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले. तरीही घराण्याचा गवई आणि मोजमापाची आवड असलेला अधिकारी एकत्र बसून स्वरांचा हिशेब मांडतात, ही घटना त्या काळात साधी नव्हती.

या मोजमापांची गरज का वाटावी, याचे एक उदाहरण पेटीच्या गांधाराचे आहे. हार्मोनियमचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. तार षड्ज २८० असेल तर पेटीचा गांधार सुमारे ३५२.८ येतो. तंबोऱ्याचा स्वयंभू गांधार ३५०. दोन्ही एकाच वेळी वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन वेळा आवाज चढतो-उतरतो, एक प्रकारचा डोल जाणवतो. ही फारकत एक टक्क्याहूनही कमी आहे. व्यापारात इतका फरक कोणी काढून टाकील, पण गवयाच्या कानाला तो खटकतो.

ढोलाला स्वर कसा मिळाला

तारेचे गणित सरळ आहे, कारण तार फक्त लांबीत पसरलेली असते. कातडे मात्र चहूकडे पसरलेले असते. गोल, एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या पडद्यावर जे स्थिर तरंग उठतात, त्यांचे निस्पंद बिंदू नसतात तर निस्पंद रेषा असतात. काही व्यासासारख्या, काही वर्तुळाकार. त्यांच्या कंपनसंख्यांचा पाढा बेशिस्त असतो. मूळ कंपन १ धरले तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशी येतात. ही प्रमाणे कोणत्याही पूर्ण संख्येशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असला तरी त्यातून निश्चित स्वर निघत नाही. गणिताने हे ठरवून टाकलेले होते.

तबला, पखवाज आणि मृदंग यांनी या गणितातून वाट काढली. तबल्याच्या पुडीच्या मध्यावर काळी शाई असते. लोहचूर्ण, भाताची खळ आणि काजळी यांचे मिश्रण पातळ थरांनी चढवायचे, प्रत्येक थर दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, आणि पुन्हा थर द्यायचा. मध्यावर जाड आणि कडेकडे पातळ होत जाणारी ही शाई पडद्याचे वजन मध्यभागी वाढवते. परिणामी बेशिस्त कंपने सरकून ओळीत येतात.

रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या वाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले, आणि पुढे १९३४-३५च्या सुमारास रामन यांनी हा विषय विस्ताराने मांडला. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी अठराव्या शतकात धातूच्या पत्र्यांवर वाळू पसरून निस्पंद रेषा दाखवल्या होत्या. रामन यांनी तीच युक्ती तबल्याच्या पुडीवर वापरली. कंपनाच्या वेळी वाळू हलणाऱ्या जागा सोडून निश्चल रेषांवर गोळा होते आणि आकृती उमटते. त्यातून असे दिसले की पुडीची पहिली नऊ प्रकारची कंपने एकमेकांत मिळून १, २, ३, ४, ५ अशा पाचच सुरेल पायऱ्यांवर येऊन बसतात. म्हणजे शाई लावलेले कातडे जवळजवळ तारेसारखे वागू लागते. म्हणूनच तबला षड्जात लावता येतो, आणि ‘ना’ व ‘तीं’ या बोलांना स्वर असतो.

हे गणित चामड्याचे नाही, वजनाच्या वाटणीचे आहे. पडदा कशाचा आहे हे निसर्गनियम विचारत नाहीत. ताण किती आणि वजन कोठे, एवढेच पाहतात. म्हणूनच कृत्रिम पडद्याचे तबले तयार होऊ शकले, आणि घोडीसाठी हाड वा शिंग न वापरता शिसव किंवा फायबर वापरूनही जवारी साधता येते. असे वाद्य घेऊ इच्छिणाऱ्या घरांनी मागणी देताना कारागिराला तसे स्पष्ट सांगावे, इतकेच.

फुंकरीतली लाट

बासरीत तार नाही आणि पडदाही नाही. तेथे हवेचाच स्तंभ झुलतो. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीत टोकांना हवा मुक्तपणे हलते आणि मध्ये दाबाचा चढउतार होतो. बोटाने भोके उघडली की हवेच्या स्तंभाची लांबी कमी होते आणि स्वर चढतो. जोरात फुंकले की तोच स्तंभ दोन भागांत झुलू लागतो आणि स्वर थेट वरच्या सप्तकात उडी घेतो.

बासरीचा स्वर हवेतल्या ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो आणि हा वेग उष्णतेबरोबर वाढतो. दर अंशाला सुमारे ०.६ मीटर. तपमान दहा अंशांनी वाढले तर बासरीचा सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने चढतो. उलट उन्हात तापलेली पोलादी तार किंचित सैलावते आणि उतरते. मांडवातल्या दुपारच्या कार्यक्रमात बासरी आणि सतार एकमेकांपासून दूर जातात, त्याचे कारण हे. दोष वादकांचा नसतो.

पेटीतला तंबोरा आणि माळ्यावरचा तंबोरा

आज बहुतेक संगीतवर्गांत विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी असते किंवा मोबाइलमधला तंबोरा असतो. त्याचे फायदे उघड आहेत. तो प्रवासात फुटत नाही, पावसाळ्यात दमट होत नाही, सदनिकेत जागा अडवीत नाही. त्याच्यामुळेच अनेक घरांतल्या मुलांना रोजचा रियाज शक्य झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरी त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. मोबाइलचा चिमुकला ध्वनिक्षेपक ७० कंपनांचा खर्ज निर्माणच करू शकत नाही. तो ऐकू येतो असे वाटते ते मेंदूच्या कर्तबगारीमुळे. २१०, २८०, ३५० ही वरची कंपने कानावर पडली की मेंदू त्यांचे मूळ ७० असणार असे अनुमान काढतो आणि तो स्वर ऐकवतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. यंत्र नेमून दिलेले आवर्तन पुन:पुन्हा ऐकवते. तंबोरा मात्र विद्यार्थ्याला स्वतः जुळवावा लागतो. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, दोरा शोधताना जो कान तयार होतो, तो बटण दाबून तयार होत नाही. स्वयंभू गांधार कोणी दाखवून देईपर्यंत बहुतेकांना ऐकू येत नाही; एकदा ऐकू आला की मग तो चुकत नाही. गुरू शिष्याला तासन्‌तास नुसता तंबोरा छेडायला बसवीत, त्यामागे हे प्रयोजन होते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेचे नाव लावून बाहेरचा माल खपवण्याला आळा बसू शकेल. पण मानांकनाने जवारी लागत नाही. ती लावणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि कारागिराच्या मुलाने ती वर्षे द्यावीत की नाही, हे शेवटी कामाच्या ओघावर ठरते. नवा तंबोरा माणूस जन्मात एकदा घेतो. कारागिराचे घर चालते ते वरचेवर येणाऱ्या दुरुस्तीवर, घोडी घासण्यावर, तारा बदलण्यावर.

अनेक जुन्या घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे आजीचा वा आत्याचा एखादा तंबोरा गवसणीत गुंडाळून ठेवलेला असतो. तारा गंजलेल्या, खुंट्या अडकलेल्या, घोडीवर खाचा पडलेल्या. घर आवरताना तो काढून टाकावा की ठेवावा, असा प्रश्न कधीतरी निघतोच. भोपळा तडकलेला नसेल आणि दांडी वाकलेली नसेल, तर असा तंबोरा बहुधा पुन्हा बोलता होऊ शकतो. नव्या तारा, साफ केलेल्या खुंट्या आणि नव्याने काढलेली जवारी, एवढेच त्याला हवे असते.

तो दुरुस्त होऊन घरी आला की एका संध्याकाळी दिवाणखान्यातला दूरदर्शन संच बंद करावा, मुलांना जवळ बसवावे आणि खर्जाची तार एकदाच, सावकाश छेडावी. ती विझेपर्यंत कोणी बोलू नये. आधी षड्ज ऐकू येईल, मग पंचम, आणि मग सगळ्यांच्या वर, बारीक पण स्वच्छ, गांधार. घरातल्या ज्या मुलाला तो सर्वांत आधी ऐकू येईल, त्याच्या हाती तंबोरा द्यावा.